गाड्या थांबत व्हत्या तवा

काकूनं पाटी डाव्या कमरेला दाबली, उजव्या हातानं ट्रकच्या दाराचा दांडा धरला अन् पायरीवर चढून खिडकीतनं डोकं आत घातलं. ड्रायव्हर दचकला. तिनं त्याच्या तोंडाकडं बगितलं, मागं झोपलेल्या क्लीनरच्या तोंडावरचा टॉवेल बाजूला केला, त्याच्याबी तोंडाकडं बगितलं, अन् मंग म्हणाली, "करवंदं घ्या, डोंगरातली हायती." ड्रायव्हरनं दोन शिव्या घातल्या. ती खाली उतरली अन् म्होरल्या टेम्पोकडं गेली.

फाटक पडलेलं. रेल्वे अजून आली नव्हती. गाड्यांची रांग पार वळणाच्या मागं गेलेली, अन् काकू एकेक खिडकी बगत चाललेली. लोकांना वाटायचं बाई विकायला आलीय. विकायची बी. पण आदी तोंड बगायची, मंग माल दावायची. उलटं कदीच न्हाई. म्हणून माझी पाटी रिकामी व्हायची तवा तिची निम्मी भरलेली असायची.

ही सगुणाबाई, माझी सख्खी चुलती. आमी विंझरचे. आमच्या वेल्ह्यात रेल्वे न्हाई, शेजारी भोरला बी न्हाई. फाटक म्हंजे काय ते काकूला केस पिकेपर्यंत ठावं नव्हतं. तरी ती रोज सकाळच्या पहिल्या एसटीनं स्वारगेटला जायची, तितनं दुसरी बस, अन् पुण्याच्या पार पल्याडच्या अंगाला त्या फाटकावर जाऊन उभी राहायची. कात्रजकडनं सोलापूर रोडला जायला तो मधला रस्ता. उन्हाळ्यात करवंदं, मंग जांभळं, गणपतीच्या सुमारास काकड्या, थंडीत पावट्याच्या शेंगा. काहीच नसलं तर मार्केटयार्डातनं भुईमुगाच्या शेंगा घ्यायची, भाजून आणायची. मी नववीत शाळा सोडली. वर्गात बसवत नव्हतं, बाई बोलायला लागल्या की माझे पाय खिडकीतनं भाईर पळायचे. मंग मी बी पाटी घेतली. माझी पाटी येगळी, तिची येगळी. पण रांगा दोन असत्यात ना, फाटकाच्या ह्या अंगाला एक अन् त्या अंगाला एक. ती म्हणायची, "तू पल्याडचं बग." म्हणून मी बी बगायची.

कुणाला, ते सांगते.

काकूचा एकुलता एक पोरगा हनुमंत. माझा दादा. विंझर ते नसरापूर शिटा भरून वडाप जीप चालवायचा. एकदा बाजारच्या दिवशी गाडी भरून निघाला, म्होरं त्याच्या शेजारी त्याचा बाप, आमचा गेनूतात्या. मार्गासनीच्या अलीकडं वासरू आडवं आलं, दादानं गाडी कडंला घेतली, ती ओढ्यात कलंडली. बाकीच्यांना खरचटलं. तात्या जागीच गेला. दादाची चूक व्हती असं गावात एक माणूस म्हणाला न्हाई. मी सगळ्यांच्या तोंडाकडं बगत व्हते, कुणी म्हणालं असतं तर म्या दगड घातला असता.

पण दहाव्याला इपरीत झालं.

श्रावणातलं भुरभुर पाणी. नदीवर सगळं गाव जमलेलं. दादानं केस काढलेले, त्याचं डोकं कसं केविलवाणं दिसत व्हतं. पिंड मांडला, शेजारी दिवा लावला. लोक मागं सरून उंबराखाली उभे राहिले. दिवा इझायला लागला म्हणून दादा तात्याचीच काळी छत्री उघडून त्याच्यावर धरून बसला. कावळे झाडावर व्हते, पण एक बी खाली येईना. आमच्यात कावळा शिवला न्हाई म्हंजे गेलेल्या माणसाचा जीव कशात तरी अडकलाय. मंग एकेकजण म्होरं येऊन कबूल करायला लागला. म्हाताऱ्या सोनबानं सांगितलं, बांधाचं भांडण मिटवतो. माझ्या बापानं सांगितलं, वयनीला अंतर देणार न्हाई. कुणी म्हणालं देवीला नारळ फोडू. कावळा हलंना. पाणी वाढायला लागलं, लोक कुजबुजायला लागले. काकू रडून रडून सुजलेली. ती एकदम म्हणाली, "हन्मा, लांब हो तू."

दादानं तिच्याकडं बगितलं. उठला, छत्री तशीच उघडी घेऊन वर रस्त्यावर जाऊन उभा राहिला. अन् लगेच कावळा खाली आला. भाताला चोच मारली. एक न्हाई, तीन-चार आले.

सगळ्या गावानं माना वळवून दादाकडं बगितलं. बापाला पोरगा डोळ्यासमोर नको, असंच सगळे समजले. मी बी समजले, खोटं कशाला बोलू. काकू बी समजली त्या टायमाला. तेराव्याचं जेवण झालं अन् दादा गेला. कुठं, कुणाला सांगितलं न्हाई. मोबाईल बंद. नंबर बदलला असणार. तालुक्याला तक्रार द्यायला गेलो तर साहेब म्हणाले, जाणता माणूस हाय, मनानं गेलाय, मनानं येईल.

दिवाळीच्या आदी अंगणात भात वाळत घातलेला. चटईवर कावळे उतरलेले, काकू हाकलून हाकलून दमली. दुपारी तिनं तीच छत्री काढली, वास यायला लागला व्हता म्हणून उन्हात उघडून ठिवली. सगळे कावळे भर्रकन उडाले. झाडावर जाऊन बसले अन् छत्री हाय तवर एक खाली आला न्हाई. काकूनं छत्री मिटली. ते आले. परत उघडली. ते गेले. मी वट्यावर भाकरी खात व्हते, मला वाटलं खेळतीय. मंग ती त्या भातातच खाली बसली.

"वैशे," ती म्हणाली, "त्यो कावळा छत्रीला बुजला व्हता गं."

बास. त्या दिवसापासनं तिच्या जिवाला एकच. दादा कुठं बी गाठायचा अन् त्याला एवढं एक सांगायचं. घरला आणायचं, सून आणायची, असलं काय ती बोलायची न्हाई. म्हणायची, न्हाई आला तरी चालंल, पण बापानं ढकलला असं डोक्यात घेऊन जगायला नको त्यानं. आईनं ढकलला असं बी नको.

गावातला धनाजी मार्केटयार्डाला कोथिंबीर न्यायचा. त्यानं एकदा येऊन सांगितलं की हनुमंत दिसला. फाटकावर अडकलो व्हतो, म्हणाला, पल्याडच्या रांगेत टेम्पो, त्याच्या स्टेरिंगवर हनुमंत, दाढी वाढवलेला. हाका मारल्या, पण तवर फाटक उघडलं अन् जो तो सुटला. काकूनं त्याला तीनदा इचारलं, कुठलं फाटक. दुसऱ्या दिवशी गेली. मंग रोजच जायला लागली. तिचं म्हणणं सरळ व्हतं. रस्त्यावर गाड्या पळत्यात, पळत्या गाडीत माणूस ओळखू येत न्हाई. पण फाटकावर राजा असो का रंक, थांबावंच लागतं.

गेटमन कोंडिबा म्हणून व्हता. रिटायरला आलेला, डोक्याला कायम मफलर. पहिल्यांदा काकूला हाकलायचा, रूळ सोडा, मागं सरा. मंग कळलं त्याला. तवापास्नं खोलीतनं ओरडायचा, "सगुणाबाई, आज तुमच्यासाठी मालगाडी मागवलीय, लांबलचक." काकू म्हणायची, मागवलीय तर हळू हाकायला बी सांगा. मालगाडी आली की ती खूश. तेवढीच चार तोंडं जास्त. बाकी सगळे कपाळाला हात लावायचे अन् ही पदर खोचून पळायची. एकदा एका कारवाल्यानं काच खाली करून इचारलं, मावशी काय इकताय. ती पार पुढं निघून गेलेली, तितनं ओरडली, काकड्या. त्यो म्हणाला मंग द्या की. ती म्हणाली, परत येताना. कोंडिबा हसून हसून खोकत बसला. म्हणाला, असा धंदा केला तर गिऱ्हाईक तुमच्याच दारात भीक मागंल.

वर्षं गेली. दादासारखे दिसणारे किती दिसले. एकदा ती एका टेम्पोच्या मागं फाटक उघडल्यावर बी पळत गेली, चप्पल तुटली, पडली, गुडघा फुटला. टेम्पोवाला थांबला भला माणूस. बिहारचा व्हता. तिनं त्याला सगळी पाटी दिली.

आता पुलाचं. पूल नको व्हता असं मी म्हणणार न्हाई. त्या फाटकानं लोकांचा जीव खाल्ला व्हता. कामाला जाणाऱ्यांचे खाडे पडायचे, शाळेच्या गाड्यांत पोरं उन्हात रडायची. एका दुपारी ॲम्ब्युलन्स अडकली, आत बाळंतपणाला अडलेली बाई, अन् रुळावर मालगाडी उभी. ती हलंना. त्या बाईचं ओरडणं अजून माझ्या कानात हाय. काकू पाटी टाकून आत चढली, तिचा हात धरून बसली, मी अन् दोघातिघांनी मोटरसायकली उचलून उचलून बाजूला केल्या. गाडी गेली तवा काकूच्या मनगटावर त्या बाईच्या नखांचे वळ व्हते. घरी येताना एसटीत ती म्हणाली, पूल व्हायलाच पायजे गं. मंग नसरापूर येईपर्यंत खिडकीतनं म्होरनं येणाऱ्या गाड्या बगत बसली.

मंजुरी आली, पत्रे लागले, खांब उठायला लागले. एक दिवस कामावरच्या एक मॅडम आल्या, फाटकावर इकणाऱ्या सगळ्यांना भेटायला. भार्गवी नाव. आमी वेल्ह्याच्या म्हणल्यावर त्यांना बरं वाटलं, म्हणाल्या मी भोरची, आमचे आजोबा आंबवड्याचे. चांगल्या व्हत्या, बोलायला गोड. पूल झाल्यावर खाली गाळे काढणार, तुम्हांला बी जागा मिळंल असं सांगत व्हत्या. सगळ्या बाया गाळ्याचं इचारायला लागल्या. काकूनं इचारलं, "पुलावर गाड्या कुठं थांबत्यात?"

मॅडम हसल्या. म्हणाल्या, "मावशी, गाड्या थांबू नयेत म्हणूनच तर पूल."

काकूनं थोडा इचार केला. म्हणाली, "मंग वर एक सिग्नल बसवा. लई न्हाई, मिंटभर थांबला तरी बास."

सगळे हसले. मक्याची कणसं भाजणारा पप्पू तर मांडीवर हात मारून हसला, म्हणाला, म्हातारीला पुलावर बी फाटक पायजे. म्या त्याच्या शेगडीला लाथ घातली. निखारे रस्त्यावर गेले. लई भांडण झालं, मॅडम घाबरून गाडीत बसल्या. काकू मलाच वरडली. त्या बिचारीला काय ठावं, म्हणाली, अन् पप्पूचे निखारे उलथन्यानं गोळा करून दिले तिनं.

फाटक बंद करायच्या दिवशी पेढे वाटले, फटाके लावले. कोंडिबाला शाल दिली. शेवटची गाडी पास केली अन् त्यानं फाटक काय परत उघडलं न्हाई. पडलं ते पडलंच. त्याच्या म्होरं लोखंडी पट्ट्या रोवल्या, वेल्डिंग केलं. पुलावरनं गाड्या सुटल्या, भोंगे वाजवत, पोरं मोटरसायकलीवर शिट्ट्या मारत. काकू खाली उभी राहून वर बगत व्हती. खालनं गाडीची चाकं बी दिसत न्हाईत, कठडा उंच. नुसता आवाज. कोंडिबा तिच्याजवळ आला, शाल काढून तिच्या खांद्यावर टाकली. नुसतंच म्हणाला, "येतो मी."

मी म्हणलं आता बास काकू, आता गावातच बसू. तर ती दुसऱ्या दिवशी एसटीच्या टायमाला थांब्यावर हजर. गाळे काय झालेच नव्हते अजून, नुसती माती. पुलाखाली खांबाला टेकून बसायची. गिऱ्हाईक कुठलं, तिकडं कुत्रं बी फिरकायचं न्हाई. म्या इचारलं हितं बसून काय व्हणार. ती म्हणाली, एखाद्या गाडीला बिघाड व्हईल, ड्रायव्हर पाणी बगायला खाली उतरंल. पुलाच्या तोंडाशी, गाड्या वर चढत्यात तितं उभी राहून बगितलं तिनं. गाडी आली की मान फिरवायची, तवर ती गेलेली. संध्याकाळपर्यंत मान आखडायची. म्हणायची, तोंडं पुसल्यासारखी जात्यात गं, एक बी राहत न्हाई डोळ्यात.

एक दिवस मी शेंगा घ्यायला गेले अन् येऊन बगते तर ही पुलावर. पाटी डोक्यावर घेऊन, कठड्याला चिकटून, म्होरनं येणाऱ्या गाड्यांना हात करत चाललेली. गाड्या भोंगे वाजवत बाजूनं काढत व्हत्या. एका पोरानं मोबाईलवर तिचा व्हिडिओ काढला. मी पळत गेले, दंडाला धरून खाली आणली. लई बोलले तिला. मरायचंय का, म्हणलं. तिला धाप लागलेली. ती म्हणाली, "थांबंना गं कुणीच."

त्यानंतर ती खचली. तरी जायची. हिवाळ्यात त्या खांबाखालच्या गार वाऱ्यात छातीत कफ धरला, तरी स्वेटरवर स्वेटर घालून जायची. संक्रांत झाल्यावर अंथरूण धरलं. विंझरच्या डॉक्टरनं पुण्याला न्या म्हणलं, तर पुण्याचं नाव काढल्यावर तिला वाटलं फाटकावरच नेत्यात. उठून बसली, केस इचरून मागितले. दवाखान्याच्या वाटंवर माझ्या मांडीवर डोकं ठिऊन ती सारखी इचारायची, फाटक पडलंय का. मी म्हणायची, पडलंय. गाड्या थांबल्यात का. थांबल्यात काकू, लई मोठी रांग हाय. मंग ती मान उचलून खिडकीतनं भाईर बगायला जायची, अन् मी तिचं डोकं परत मांडीवर घ्यायची. खेड-शिवापूरच्या म्होरं गेल्यावर तिनं इचारायचं थांबवलं.

घरात मला बसवंना. माझी मैत्रीण सोनिया सारोळ्यात दिलेली, तिच्या नवऱ्याची हायवेला, नीरेच्या पुलाजवळ चहाची टपरी. म्हणाली ये मदतीला. उन्हाळ्यात एक दिवस टेम्पोवाला उतरला, पाठमोरा उभा राहून चहा मागितला. त्यो एका पायावर भार टाकून उभा व्हता, दुसरा पाय सैल. तात्या तसाच उभा राहायचा. म्या हाक मारली न्हाई. म्या ग्लास आपटला. त्यो वळला, दाढीत केस पिकलेले, अन् माझ्याकडं बगून म्हणाला, "वैशे तू?"

त्याला बसायला बी सांगितलं न्हाई म्या. उभ्या उभ्या सांगितलं, काकू गेली माघात. अन् छत्रीचं सांगितलं. भात, कावळे, छत्री उघडली मिटली, सगळं. त्यो ऐकत व्हता. मधीच त्यानं हात वर केला, थांब म्हणाल्यासारखा, पण मी थांबले न्हाई, शेवटपर्यंत सांगितलं. मंग त्यो तिथं रस्त्याच्या कडंला मातीत बसला. तोंड गुडघ्यात घातलं. त्याचं नाक पुसायला सोनियानं फडकं दिलं.

मी त्याला सोडला न्हाई. म्हणलं ती वर्सानुवर्सं फाटकावर तोंडं बगत उभी व्हती, तू त्याच अंगाला गाडी चालवतोस, एकदा बी कसा आडवा आला न्हाईस.

मंग त्यानं सांगितलं. शिरवळच्या कंपनीचा माल सोलापूर रोडच्या गोडाऊनला न्यायचं त्याचं काम, पहिल्यापासनं तेच. धनाजीनं हाका मारल्या त्याच्यानंतर थोड्याच दिवसांनी त्यो परत त्या रांगेत अडकला व्हता. लांबनं आई दिसली, पाटी घेऊन खिडक्या बगत येताना. तिनं आपल्याला बगितलं तर तिला परत त्यो दिवस आठवंल, असं त्याला वाटलं. त्यानं टेम्पो रांगेतनं काढला, मागं वळवला, अन् त्या दिवसापासनं सगळ्या शहराला वळसा घालून जायला लागला. मालक डिझेलवरनं बोलायचा, तरी. ती फाटकावर हाय तवर त्या रस्त्याला जायचं न्हाई, असं त्यानं ठरवलं व्हतं.

पूल झाल्यावर त्याला कुणी तरी सांगितलं, आता फाटक गेलं, तितं कुणी बसत न्हाई. मंग त्यानं वळसा सोडला. काकू खांबाला टेकून खाली बसायची तो सगळा हिवाळा हनुमंतदादा रोज तिच्या डोक्यावरनं गेला. सकाळी भरलेला टेम्पो घेऊन, अन् सांच्याला रिकामा.